पॅनेल नाही, पालक म्हणून उभ्या राहिलो



गेल्या वर्षी आमच्या गावच्या शाळेत पालकसभा होती. शाळा व्यवस्थापन समिती निवडायची होती. नावं मात्र आदल्या रात्रीच पारावर ठरलेली. बायकांनी फक्त सह्या करायच्या! आमच्या बचत गटानं ठरवलं, यंदा आपल्यातली एक उभी राहील, कुणाच्याही पॅनेलशिवाय.

आधी शिक्षण हक्क कायदा, २००९ मधलं कलम २१ आम्ही गटात मोठ्यानं वाचलं. समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. शाळेचा विकास आराखडा करणं, अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं, हे तिचं काम.

सभेत आमच्या ताई एवढंच बोलल्या, "मुलींच्या संडासात पाणी नाही. त्यासाठी मला निवडा." हात वर झाले. त्या सदस्य झाल्या. अध्यक्षपद दोन मतांनी हुकलं. खर्चाची वही बघायला तीन बैठका भांडावं लागलं, घरीही बोलणी खाल्ली. आज नळाला पाणी आहे.

तुमच्या शाळेची पालकसभा कधी आहे? उद्याच मुख्याध्यापकांना विचारा. एकटीनं नको, गटानं जा.