घरकुल मंजूर, पण जागा?



आपल्या सोलापूर जिल्ह्यात जेऊर दोन. एक अक्कलकोट तालुक्यातलं, काशी विश्वेश्वराच्या देवळाचं. दुसरं करमाळा तालुक्यातलं, दौंड-कुर्डुवाडी लोहमार्गावरचं. आज मी बोलणार आहे ते करमाळ्याच्या जेऊरविषयी आणि त्याच्या आसपासच्या, उजनीच्या पाण्याला लागून असलेल्या गावांविषयी. अक्कलकोटकरांनी रेडिओ बंद करू नये, नियम दोन्हीकडे तेच आहेत. फक्त अर्जावर तालुका नीट लिहा.

विषय घरकुलाचा. पंचायतीच्या कामात इतकी वर्षं घालवल्यावर एक प्रश्न मला पाठ झालाय. माणूस कागद पुढे करतो आणि म्हणतो, "साहेब, यादीत नाव आलंय, पैसे कधी येतील?" मी उलट विचारतो, "घर बांधणार कुठं?" तो म्हणतो, "हाय की जागा, वडिलार्जित." मग मी आठचा उतारा मागतो. उताऱ्यावर नाव आजोबांचं असतं. आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, वडीलही गेलेले, चुलते दोन, आत्या तीन, आणि वारसनोंद कुणीच लावलेली नाही. घरकुल अडतं ते इथं. पैशापाशी अडतं ते नंतर.

म्हणून आज मी उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. आधी जागा, मग यादी, मग पैसा.

उजनी धरण झालं आणि भीमेचं पाणी करमाळा, इंदापूरच्या गावांत शिरलं, त्याला आता पंचेचाळीस वर्षं होत आली. माणसं उठली, नव्या गावठाणात बसली. वांगी हे एकच गाव होतं, त्याची नंबर पडून वेगवेगळी गावं झाली. पुनर्वसनाच्या गावठाणातला प्लॉट ज्याला मिळाला तो त्या वेळी चाळिशीचा होता. आज त्याचे नातू घरकुल मागतायत. प्लॉटचा ताबा दिल्याची कबजेपावती कुणाच्या तरी ट्रंकेत, लग्नाच्या पत्रिकांखाली पडलेली आहे. ती आधी शोधा. सापडली नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या. पुनर्वसन शाखेत प्लॉटवाटपाची नोंदवही असते, तिथंही विचारा. कबजेपावती, मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं हे तीन कागद हातात आले की ग्रामपंचायतीत वारसनोंदीचा अर्ज करायचा. भाऊबंद जास्त असतील तर ज्याला घर बांधायचं आहे त्याच्या नावानं बाकीच्यांचं संमतीपत्र घ्या. आणि ते दिवाळीला सगळे जमतात तेव्हाच घ्या, पुण्या-मुंबईचा भाऊ परत वर्षभर हाती लागत नाही.

इथं एक गैरसमज काढून टाकतो. नमुना नंबर ८ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंद. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची ते त्यावरून कळतं. घरकुलाच्या कामात तो उतारा चालतो, पण तो मालकीचा पुरावा नाही. गावठाणातल्या मालकीसाठी आता मिळकत पत्रिका मिळते. २०२० साली २४ एप्रिलला केंद्रानं स्वामित्व योजना सुरू केली, ड्रोननं गावठाणं मोजायची. त्याआधीच आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात हा प्रयोग झाला होता. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन सनद घ्या. नकाशात तुमची भिंत शेजाऱ्याच्या अंगणात गेलेली दिसली तर हरकत लगेच लेखी द्या. पारावर बसून दिलेली हरकत दप्तरी येत नाही.

आता ज्यांना जागाच नाही त्यांचं. राज्याची पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. घरकुलाच्या यादीत नाव आहे पण जागा नाही, अशा कुटुंबाला ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला तीमधून अर्थसाहाय्य मिळतं. आधी ते ५० हजार होतं, आता १ लाखापर्यंत आहे. जेऊरमध्ये बाजारपेठेजवळ एवढ्यात जागा मिळायची नाही, हे मलाही कळतं. पण वाडीवस्तीवर, रस्त्यापासून जरा आत, दोन-चार कुटुंबांनी मिळून सलग जागा घेतली तर जमतं. आणि सलग घेतलीत तर पुढं रस्ता, वीज, गटार मागायला तोंड राहतं.

सरकारी जागेवर वर्षानुवर्षं राहणाऱ्यांसाठी १६ फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय आहे. १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणं त्यात नियमानुकूल होऊ शकतात. पण जागा गायरान असेल तर प्रकरण अवघड. २०११ सालीच सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायचा आदेश दिलेला आहे. तेव्हा गायरानावर घरकुल बसवून देतो असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

जागा आधी, हे मी का घोकतोय? सोलापूरजवळचं कुंभारी आठवा. विडी वळणाऱ्या बायांसाठी तिथं गोदूताई परुळेकर वसाहत झाली, १० हजार घरांची, २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते ती घरं मिळाली. पुढं तिथंच रे नगर उभं राहिलं, ३० हजार घरांचं. विडी, यंत्रमाग, शिलाई, भंगार वेचणं अशा असंघटित कामगारांसाठी. ९ जानेवारी २०१९ ला पायाभरणी आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिली १५ हजार घरं पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिली गेली. पाठपुरावा करणारे आडम मास्तर, लाल बावट्याचे. उद्घाटन करणारे एकदा एका पक्षाचे, एकदा दुसऱ्याचे. राजकारण आपण बाजूला ठेवू, मला त्यातली पद्धत सांगायची आहे. त्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या, सभासद केले, जमीन संस्थेच्या नावावर आणली, आणि मग सरकारच्या दारात गेले. अनुदान नंतर आलं. ती शहरी योजना होती, ग्रामपंचायतीला ती तशीच लागू होत नाही. पण जमिनीचा कागद हातात घेऊन बोलायचं, हे तिथून जरूर उचलावं.

आता यादी. ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजना आहे, जुन्या इंदिरा आवासच्या जागी २०१६ साली आलेली. तिच्याबरोबर राज्याच्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गीयांसाठी मोदी आवास. एका दारी नाव नाही लागलं तर दुसरं दार वाजवा. पण एका कुटुंबाला घरकुल एकदाच.

अपात्रतेचे नियम २०२४ साली बदलले, ते गावात अजून पोचलेले नाहीत. "माझ्याकडं मोटारसायकल आहे, मला कसलं घरकुल," असं म्हणून घरी बसलेली माणसं मला भेटतात. दुचाकी, फ्रिज, घरातला वायरचा फोन, मासेमारीची यांत्रिक होडी, या चारही गोष्टी आता आड येत नाहीत. उजनीत मासे धरणाऱ्या भावांनी होडीचं विशेष ध्यानात घ्यावं. मात्र तीनचाकी-चारचाकी वाहन, ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, घरातल्या कुणाची महिना १५ हजारांवर कमाई, सरकारी नोकरी, आयकर, अडीच एकर किंवा जास्त बागायत, पाच एकर किंवा जास्त जिरायत, यातलं काही असेल तर नाव गळतं. धरणकाठच्या ऊस-केळीच्या पट्ट्यात अडीच एकर बागायत पुष्कळांकडे असते. त्यात चार भावांची एकत्र नोंद असेल तर सातबाऱ्यावर अडीच एकर दिसतं आणि प्रत्यक्षात वाट्याला पंचवीस गुंठे येतात. म्हणजे पुन्हा आलो तिथंच, नोंदीपाशी.

यादी पक्की होते ग्रामसभेत. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि त्याआधी महिलांची सभा. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तो. जेऊरसारख्या मोठ्या गावात शंभर माणसं म्हणजे काही फार नाहीत. एका लग्नाच्या पंगतीत बसतात. पण सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग पंधरा-वीस जणांत यादी वाचली जाते. नाव गाळलं असं वाटत असेल तर तिथं उभं राहून बोला आणि तुमचं म्हणणं प्रोसिडिंगला लिहून घ्या असं सांगा. ग्रामसेवकांच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात तुम्ही भाऊसाहेबच म्हणता, हरकत नाही. भाऊसाहेबांकडून अर्जाची पोच घ्या. तिथं दाद लागली नाही तर करमाळ्याला पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे ती पोच जोडून जा.

आता पैशाचं बोलू. सपाट प्रदेशात केंद्र-राज्य मिळून घरकुलाला १ लाख २० हजार. २०२५ साली राज्यानं त्यात ५० हजारांची भर घातली. पण नीट ऐका, त्यातले ३५ हजारच बांधकामाला, उरलेले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी आहेत. शौचालयाचे १२ हजार वेगळे. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, ती २०२५-२६ च्या दरानं २८ हजारांच्या घरात जाते, त्यासाठी जॉबकार्ड हवं. सौर सोडून सगळं मिळून झाले १ लाख ९५ हजार. वाळू ५ ब्रासपर्यंत मोफत, तहसीलचा पास घेऊन. गाडीभाडं तुमचं, हे मात्र पासावर लिहिलेलं नसतं!

एवढ्यात घर होतं का? नियमाचं किमान घर २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट, स्वयंपाकाच्या जागेसकट. तेवढंच बांधलं, घरच्यांनी हात लावला, तर ओढूनताणून होतं. पण आपण काय करतो? पहिला हप्ता हातात पडला की गवंडी म्हणतो, "दादा, घर काय रोज बांधतोय का, सहाशे फुटांचं जोतं घेऊ, वर मजल्याला सळया ठेवू." मालकालाही ते गोड लागतं. जोत्यात आणि सळयांतच पैसा जिरतो, भिंती खिडकीपर्यंत येऊन थांबतात. पुढचा हप्ता कामाचा टप्पा पूर्ण झाल्याचा फोटो अक्षांश-रेखांशासह चढल्यावरच सुटतो. टप्पा पूर्ण नाही म्हणून हप्ता नाही, हप्ता नाही म्हणून काम नाही. मग सावकार. अशी अर्धी घरं तुमच्या गावात मोजून बघा, बाभळी उगवलेल्या असतात आत. आधी दोन खोल्या स्लॅबसकट पुऱ्या करा. बाजूला वाढवायची सोय ठेवून घर एका कडेला घ्या, पुढं मुलगा मिळवता झाला की तो वाढवील.

जमीन काळी असेल तर पायात हात आखडू नका. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला आरपार तडे देते. माती काढत कडक मुरुमापर्यंत खाली जा, जोत्यात तीच काळी माती परत भरू नका, मुरूम भरून थरावर थर धुमसा. जोत्यावर सळईचा काँक्रीटचा पट्टा फिरवा. जुन्या माळवदाच्या घरात एप्रिल-मेमध्ये जो गारवा असायचा तो स्लॅबखाली मिळणार नाही, तेव्हा समोरासमोर दोन खिडक्या तरी ठेवा. आणि घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करा, योजनेचीही तशीच अपेक्षा आहे.

राहिला शेजाराचा प्रश्न. वीस घरकुलं ओळीत झाली आणि सांडपाणी रस्त्यावर आलं तर डासांची वसाहत झाली म्हणायचं. पंधराव्या वित्त आयोगाच्या, २०२१ ते २०२६ च्या निधीत ग्रामपंचायतीला आलेल्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. त्यातलं किती तुमच्या वस्तीला लागलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. गावाच्या विकास आराखड्यात गटार, शोषखड्डा, नळ ही कामं नावानिशी आली नाहीत तर वर्षभर येत नाहीत. आराखडाही ग्रामसभेतच ठरतो.

हप्ते थेट आधार जोडलेल्या खात्यावर येतात. फोटो काढायला, यादीत वर घ्यायला, हप्ता सोडायला कुणालाही एक रुपया द्यायचा नाही. कुणी मागितला तर तारीख, वेळ लिहून ठेवा आणि गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा चालू वर्षाचा आठचा उतारा, आधार, जॉबकार्ड आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत घालून जा. उताऱ्यासाठी आधी घरपट्टी भरावी लागेल. ती भरा आणि पावती जपून ठेवा, लग्नपत्रिकांखाली नको.