बिऱ्हाड मागें कीं पोटांत?

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हान-पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. बिऱ्हाड बरोबर नेण्याचे प्रकार दोन : मोटारीमागें ओढावयाची कॅरॅव्हान आणि पोटांतच घर असलेली मोटारहोम. पहिली टाकून दुसरी घ्यावी काय?

पालीच्या यात्रेचें उदाहरण घ्या. पुण्याहून बोरघाट उतरतांना मागची गाडी मोटारीस ढकलते. मागच्या भागांत वजन अधिक भरल्यास ती डोलूं लागते. मागें घेतांना मोटारीचें चाक डावीकडे फिरविलें कीं तिचें शेपूट उजवीकडे जातें! बल्लाळेश्वराच्या गर्दींत ही कसरत घाम फोडते. मोटारहोमला हे त्रास नाहींत.

परंतु बैल सोडल्यावर गाडी मुक्कामीं राहते, तशी कॅरॅव्हानही राहते. वृद्ध आईस तेथें विसावूं देऊन मुलांस मोटारीनें उन्हेऱ्याच्या ऊन पाण्याच्या कुंडांवर नेतां येतें. मोटारहोम निघाली कीं चूल, अंथरूण, आजीबाई, सर्वच निघतात.

सारांश, अष्टविनायकांसाठीं रोज मुक्काम हलविणारानें मोटारहोम घ्यावी. एकाच गांवीं चार दिवस राहणारानें जुनी गाडी विकण्याची घाई करूं नये. निर्णयापूर्वीं घरांतील सर्वांत वडील माणसाची सोय पाहावी, हें उत्तम.