दहावीनंतरची वाट आणि ज्ञातिमंडळाचे कर्तव्य

(वडगाव रासाई येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आताच या व्यासपीठावर गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. त्या सर्वांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आम्हांस आज बोलावयाचे आहे ते ज्यांचे नाव येथे पुकारले गेले नाही त्यांच्याविषयी. पन्नास-पंचावन्न टक्के गुणांनी दहावी झालेला मुलगा आणि गणितात राहिलेली मुलगी हीही आपल्याच ज्ञातीची लेकरे होत, आणि संख्येने तीच अधिक आहेत. ज्याला शाल-श्रीफळ मिळते त्याला पुढची वाट बहुधा ठाऊक असते. ज्याला ती ठाऊक नाही त्याच्या हाती आपण काय देतो, हा विचार करावयाचा आहे.

शेतकऱ्याच्या श्रमातून सरकारी तिजोरी भरते आणि तो पैसा मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निर्भीडपणे मांडले. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली व 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. या थोर पुरुषांच्या पुण्याईने आज गावोगाव शाळा आहे. तथापि विषमता गेली असे मात्र समजू नये. शहरातील मुलाचा मामा किंवा काका त्याला कोणता अर्ज केव्हा भरावयाचा ते घरबसल्या सांगतो. आपल्या मुलाला ते सांगणारे घरात कोणी नसते. गुण सारखे असूनही दोघांच्या वाटा येथे फुटतात.

आम्ही स्वतः मॅट्रिक. त्यावर अध्यापनाची पदविका घेतली की त्या काळी शाळेत नोकरी मिळत असे. पालकांच्या मनात अद्याप तोच हिशेब आहे. आता मात्र पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षा, त्यापुढे अभियोग्यता चाचणी आणि मग भरतीची प्रतीक्षा, असा क्रम आहे. जुन्या काळचा सल्ला नव्या काळच्या मुलाला देणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोट बांधणे होय.

आपल्या गावाची जागा पाहा. भीमेच्या या तीरावर आपला शिरूर तालुका व त्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत. पैलतीरी दौंड तालुका, तेथे कुरकुंभची वसाहत व रेल्वेचे मोठे जंक्शन. कारखाने असे उंबऱ्याशी आले, परंतु आपली पुष्कळ मुले त्यांत शिरतात ती ठेकेदाराच्या हजेरीपटावरून. हाती चार पैसे लवकर येतात, म्हणून घरही खूष असते. पाच वर्षांनी ठेका बदलला की मुलगा होता तेथेच उभा राहतो. हाती ना प्रमाणपत्र, ना हुन्नर.

याला दुसरी वाट आहे, ती नीट ऐकावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारखा दोन वर्षांचा व्यवसाय शिकता येतो. काही थोडे व्यवसाय दहावी अनुत्तीर्णांनाही खुले असतात. त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनासह प्रशिक्षण मिळते. 2019 च्या सुधारित नियमांनी तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले आहे. ज्याला पुढे शिकावयाचे आहे त्याला दोन वर्षांच्या आयटीआयनंतर तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात व पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. म्हणजे आयटीआय ही नापासांची धर्मशाळा नसून वर जाणाऱ्या जिन्याची पहिली पायरी आहे.

दुसरी गोष्ट भरतीच्या नादाची. पोलीस व्हावे, सैन्यात जावे, स्पर्धा परीक्षा द्यावी, ही आकांक्षा उत्तमच आहे. परंतु जागा थोड्या व उमेदवार अपार. सैन्यातही 2022 पासून अग्निपथ योजनेत नेमणूक चार वर्षांची असून त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवानांना कायम केले जाते. म्हणून तयारीस किती वर्षे द्यावयाची हे आरंभीच ठरवावे व त्याबरोबर एखादे कसब पदरी पाडून घ्यावे. वयाची अठ्ठाविशी उलटल्यावर हा विचार सुचून उपयोग नाही.

भगिनींनो, मुलींविषयी विशेष सांगावयाचे आहे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास विनामूल्य आहे. राज्यातील आयटीआयमध्ये तीस टक्के जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले आहे. असे असता "खर्च झेपत नाही" या सबबीवर मुलीचे शिक्षण थांबवून स्थळे पाहू लागणे, हा तिच्यावर उघड अन्याय होय.

कागदपत्रांची हेळसांड हेही मोठे विघ्न आहे. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला यांच्यावाचून प्रवेश व शिष्यवृत्ती हातची जाते. वैधतेसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद शोधावी लागते. ती प्रवेशाच्या आठवड्यात सापडत नसते. हे काम मुलगा अकरावीत असतानाच हाती घ्यावे.

आता मंडळास विनंती. मुंबईच्या पारशी पंचायतीने 1947 सालीच आपल्या समाजासाठी व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र काढले होते. समाजसंस्थेचे काम धर्मशाळा व वधुवरसूची येथेच संपत नाही, हे त्यांनी ओळखले. आपणही तीन गोष्टी कराव्यात. पहिली, दहावीच्या निकालानंतर पंधरा दिवस मंडळाच्या कार्यालयात अर्ज भरून देणारी जाणती माणसे बसवावीत. आम्ही निवृत्त शिक्षक त्यासाठी विनामूल्य येऊ. दुसरी, कारखान्यात, रेल्वेत, रुग्णालयात, बँकेत असलेल्या ज्ञातिबांधवांची सूची या स्मरणिकेत छापावी व प्रत्येकाने वर्षाकाठी दोन मुलांना आपले काम समजावून सांगावे. तिसरी, सत्काराच्या खर्चातील निम्मी रक्कम परीक्षा शुल्क व प्रवासखर्च यांसाठी ठेवावी, आणि ती गुण पाहून नव्हे, गरज पाहून द्यावी.

विद्यार्थी मित्रहो, कमी गुण मिळाले म्हणून मान खाली घालू नका. विचारण्यास लाजू नका. ज्याला वाट विचारावीशी वाटते त्याला ती सांगणारा भेटावा, एवढी जबाबदारी आम्हां वडीलधाऱ्यांची आहे.