मोटारीचा वाटाड्या कां चुकतो?

मोटारींतील यंत्र आपली गाडी शेजारच्या गल्लींत दाखवूं लागलें, कीं आपण उपग्रहांस बोल लावतों. दोष बहुधा खालींच असतो. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरील निदान चार उपग्रहांचे संदेश किती वेळांत पोंचले, यावरून यंत्र स्थान काढतें. सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे ३०० मीटरांचें अंतर! उंच इमारतींवर आपटलेला संदेश उशिरां येतो. बोगद्यांत तो पोंचतच नाहीं.

म्हणून परीक्षा क्रमानें करावी. प्रथम गाडी मोकळ्या आकाशाखालीं कांहीं मिनिटें उभी करावी. खूण जागेवर आली, तर दोष परिसराचा. न आल्यास यंत्र समोरच्या कांचेजवळ ठेवून पुन्हा चालूं करावें. फोन असल्यास त्यास अचूक स्थान घेण्याची मुभा आहे ना, हें पाहावें. खूण बरोबर, पण रस्ता चुकीचा, तर दोष नकाशाचा.

हा शेवटचा दोष सर्वांत घातक. नोव्हेंबर २०२४ मध्यें बरेलीजवळ रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार कोसळून तिघे दगावले. ते यंत्राच्या सांगण्यावरून चालले होते, असें पोलिसांनीं सांगितलें. आपण कोठें आहों, हें उपग्रह सांगतो. पुढें पूल आहे कीं नाहीं, हें आपल्याच डोळ्यांनीं पाहावें लागतें.