लेकीच्या मापाचा पंख



मी पोहायला शिकलो ते कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहिरीत. काकांनी पाठीला तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा बांधला, तोंड झाळून बंद केलेला, आणि दिलं ढकलून. डबा जेवढं पाणी बाजूला सारतो, तेवढ्या वजनाचा आधार देतो, हे पुढं शिकलो. त्या वयात डबा मोठा पडला. मी बुचासारखा तरंगत राहिलो, पाय मारायची गरजच पडेना. दोन उन्हाळे असेच गेले. मग काकांनी डबा सोडून लहानसा भोपळा बांधला, तेव्हा कुठं हातपाय हलले.

हे आठवायला कारण झाली माझी लेक. ती ऑस्ट्रेलियात पर्थला असते. उन्हाळ्यात तिथं रोज दुपारी समुद्रावरून वारा सुटतो. लोक त्याला कौतुकानं ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. त्या वाऱ्यावर तिनं नवा खेळ धरला. फळीवर उभं राहायचं, हवा भरलेलं छोटं शीड हातात धरायचं. फळीच्या पोटाला एक उभा दांडा आणि त्याच्या टोकाला पाण्याखाली विमानासारखा पंख. हाच हायड्रोफॉइल. वेग आला की पंख फळीला पाण्याबाहेर उचलतो, आणि माणूस पाण्याच्या वर हातभर अंतरावरून जातो.

तिची फळी मात्र उचलेना. सबंध उन्हाळा ती पडत राहिली. एका रविवारी फोनवर म्हणाली, “बाबा, विकून टाकते सगळं. माझ्या अंगातच नाही ते.”

हिंगोलीच्या शाळेत मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. ‘माझ्या अंगातच नाही’ हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि पुष्कळदा दोष पोराचा नसतो. विचारलं, पंख केवढा? म्हणाली, सातशे चौरस सेंटिमीटर. एका सराईत माणसाकडून स्वस्तात मिळाला होता. ए-फोर कागद सव्वासहाशेचा असतो, म्हणजे कागदापेक्षा थोडासाच मोठा! तिचं वजन ५८ किलो, फळी-शीड धरून ६८. कागद-पेन्सिल घेतली.

पंखाची उचल दोन गोष्टींवर चालते, क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग. वेग दुप्पट झाला की उचल चौपट. म्हणून वेगवान माणसाला चिमुकला पंख पुरतो आणि शिकाऊला मोठा लागतो. माझ्या ढोबळ हिशेबानं सातशेच्या पंखाला तिला उचलायला ताशी वीस किलोमीटर वेग हवा होता. फळी पाण्याला चिकटलेली असताना नवख्या माणसाला तो येणार कुठून? पंधराशेचा पंख घेतला तर चौदाच्या आतच काम होत होतं. पंधराशे म्हणजे अडीच कागदांहून थोडं कमी.

तिनं लगेच हरकत घेतली. २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये मार्सेलला आयक्यूफॉइलच्या शर्यती झाल्या, तिथं तर नऊशेचा पंख होता! होता ना. पण त्या खेळाडूंच्या फळीवर आठ-नऊ चौरस मीटरचं शीड होतं आणि अंगात वर्षानुवर्षांचा सराव. तुझ्या हातात चार मीटरचं आहे, बाळा.

मग तिला थेट दोन हजारांचा घ्यायचा मोह झाला. तेव्हा मला तो तेलाचा डबा आठवला. फार मोठा पंख लवकर उचलतो खरा, पण वारा वाढला की वर वर ओढत राहतो. पुढच्या पायानं सारखं दाबावं लागतं. एकदा का पंख पाण्याबाहेर आला की उचल संपली, फळी तोंडावर आपटते. खाली धारदार पंख असतो, म्हणून हेल्मेट डोक्यावर हवंच. वळणंही जड जातात.

शिवाय आकडा एकटा पुरत नाही. घारीसारखा लांब, अरुंद पंख दूरवर तरंगत नेतो, पण चुकीला माफी कमी. आखूड, रुंद आणि जरा जाड पंख कमी वेगात उचलतो आणि नवख्याला सांभाळून घेतो. तिनं तसलाच पंधराशेचा घेतला, तोही जुनाच. नव्याच्या किमती ऐकल्या तर आमच्याकडचा माणूस विहीर खोदेल.

आपल्या सिद्धेश्वर धरणात हे जमेल का, असं एका विद्यार्थ्यानं विचारलं. गोड्या पाण्याची घनता समुद्राहून अडीच टक्क्यांनी कमी, म्हणून पंख तेवढाच मोठा लागेल. तो फरक जाणवणारही नाही. अडचण पाण्याखालची. दांडा पाऊण मीटर खोल जातो. धरणाच्या उथळ काठाला बुडालेला खुंट किंवा दगड लागला की पंख आणि माणूस दोन्ही गेले. आधी खोली बघा, परवानगी विचारा.

पंधरा दिवसांनी लेकीनं चित्रफीत पाठवली. फळीची पाण्यावर थपथप चालली होती, आणि एकदम आवाज बंद झाला. चार-पाच सेकंद नुसता वारा. मग धप्प, आणि पाण्यातून तिचं हसणं.

आता तिला हजाराचा पंख हवा आहे. मी म्हटलं, आधी वजन सांग. तिनं फोन ठेवून दिला.