कंसातलं कारण



बाई, भूमितीत तुम्ही प्रत्येक पायरीपुढे कंसात कारण लिहायला लावायचात: (पक्ष), (व्युत्क्रम कोन). इंजिनिअरिंगला गेल्यावर मी ते विसरले. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एका पुस्तकातले दोन परिच्छेद नाव न देता उतरवले. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "हे तुझं?" मान खाली गेली.

भारतरत्न पां. वा. काणे यांचे धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ दरम्यान आले. पानोपानी तळटिपांत मूळ वचनं! तेही कंसातलं कारणच.

माझी लेक आता इथंच नाशिकला कॉलेजात शोधनिबंध लिहितेय. तिला सांगते, लेखक, ग्रंथ, वर्ष, पान लिही. शब्द बदललेस तरी विचार ज्याचा, नाव त्याचं. बाई, तुमचा कंस पुढच्या पिढीत पोहोचला.