मूल कुणाचे, हे कुणी ठरवायचे?



या सभागृहात वकील आहेत आणि पेशीविज्ञानाचे अभ्यासकही. म्हणून दोघांच्या हद्दीवरचा एकच प्रश्न घेतो: मूल कुणाचे हे ठरवण्याचा अधिकार प्रयोगशाळेला द्यावा का? माझ्या मते देऊ नये. मूल कुठून आले हे ती चोख सांगते. त्याची जबाबदारी कुणावर, हे सांगणे तिचे काम नव्हे.

आधी पेशीकडे पाहू, कारण रक्ताच्या नात्याची साक्ष तिच्याकडेच मागितली जाते. केंद्रकातला वारसा आईवडिलांकडून जवळपास निम्मा-निम्मा येतो. तंतुकणिकांमधली 37 जनुके मात्र आईकडची. त्यांतले गंभीर दोष मुलात उतरू नयेत म्हणून ब्रिटनने 2015 साली दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडातल्या निरोगी तंतुकणिका वापरायला परवानगी दिली. अशा बाळात तिघांचा डीएनए असतो, तरी ती दाती कायद्याने आई ठरत नाही. आणि वारसा फक्त खालीच उतरतो असेही नाही. गर्भाच्या पेशी आईच्या रक्तात शिरून मुक्काम ठोकतात. मुलगा होऊन 27 वर्षे उलटलेल्या बाईच्या रक्तात वाय गुणसूत्राच्या पेशी सापडल्याचे 1996 साली प्रसिद्ध झाले. पेशींची ही सरमिसळ पाहून पोटगी कुणी ठरवायची?

आता कायदा. 1872 च्या पुरावा कायद्याचे कलम 112, म्हणजे आजच्या भारतीय साक्ष अधिनियमाचे 116, सांगते की वैध विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यावर 280 दिवसांत आणि आईने पुन्हा लग्न केलेले नसताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच. दोघांचा संबंध येणेच शक्य नव्हते असे सिद्ध झाले तरच सुटका. तेव्हा डीएनए चाचणी नव्हती म्हणून हे कलम आले, असे म्हणणे अपुरे आहे. मुलावर अनौरसपणाचा शिक्का बसू नये हा त्यामागचा हेतू, आणि चाचणी आली म्हणून तो शिळा होत नाही. 2023 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात बायकोचा व्यभिचार शाबीत करण्यासाठी नवऱ्याला मुलाची चाचणी हवी होती; न्यायालयाने ती नाकारली. भांडण दोन मोठ्यांचे आणि रक्त पोराचे, हा कुठला न्याय?

यावर आक्षेप येतो: मग दुसऱ्याचे मूल जन्मभर पोसायचे? आक्षेप हलका नाही. 2014 साली याच न्यायालयाने, चाचणीचा अहवाल हाती आल्यावर, कलमातल्या गृहीतकापेक्षा विज्ञानाला झुकते माप दिले. समोर आलेला अहवाल न्यायाधीशांनी डोळ्यांआड करावा असे मीही म्हणणार नाही. मात्र चाचणीचा आदेश सहजासहजी देऊ नये. नवऱ्याची फसवणूक झाली असेल तर तक्रार बायकोविरुद्ध आहे. तिची वसुली मुलाकडून का?

दुसरा आक्षेप मला अधिक पटतो: आपले मूळ जाणण्याचा मुलाचा हक्क. तो हवाच, आनुवंशिक आजारांसाठी तर नक्कीच. पण माहिती देणे वेगळे, पालकत्व देणे वेगळे. ब्रिटनमध्ये तंतुकणिका-दानातून जन्मलेल्या मुलाला सोळाव्या वर्षी दातीची ओळख न उघडणारी माहिती मागता येते; आई त्यामुळे बदलत नाही. आपला 2021 चा साहाय्यित प्रजनन कायदा दात्याला पालकत्वाचे सारे हक्क सोडायला लावतो आणि मूल दाम्पत्याचे ‘जैविक’ अपत्य मानतो. संसदेने जीवशास्त्रालाही कामाला लावले म्हणायचे! मानण्याला माझी हरकत नाही. फक्त, मुलाला सज्ञान झाल्यावर दात्याच्या आरोग्याची माहिती मागता यावी, आणि त्या मागणीने ना वारसाहक्क हलावा ना घरातले नाव. या तरतुदीचा मसुदा वकील आणि जीवशास्त्रज्ञांनी एकत्र बसून लिहावा, अशी माझी सूचना आहे.